धाकटीचा सोमवार

आमच्या रुग्णालयात दोन युनिक्स सर्व्हर होते. एक तंजावरला, दुसरा पापनाशमच्या शाखेत. दोन्ही एकाच खरेदीत आलेले, एकाच बनावटीचे. तंजावरचा आधी बसला म्हणून कर्मचारी त्याला अक्का म्हणत आणि पापनाशमच्याला तंगच्ची. घरी सांगताना मी थोरली आणि धाकटी म्हणे.

त्या दोघींना सारखे ठेवणे हे माझे काम. थोरलीवर पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरची दुरुस्ती, बसवायचा, काही दिवस तिचे वागणे पाहायचे, मग तोच पॅच त्याच क्रमाने धाकटीवर. नवी परिचारिका रुजू झाली, प्रिंटर बदलला, एखाद्या विभागाची परवानगी वाढली, तर तेही तसेच. रोज दुपारी दोन वाजता थोरलीवरचे बदल आपोआप धाकटीवर उतरत आणि त्यानंतर दोघींची तुलना होऊन फरकांची यादी निघे. यादी रिकामी निघाली की दिवस नीट गेला असे मी धरी.

माझ्या पत्नीने एकदा विचारले होते, “रोज डबा घेऊन जातां, तो रिकामी यादी आणायला?”

“हो,” मी म्हणालो.

“मग घरीच बसा. मी देते रिकामी यादी.”

ती शाळेत भूगोल शिकवी, तमिळमधून. निवृत्त झाल्यावर तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले. त्याबरोबर तमिळ गेले, इंग्रजी गेले. आमच्या घरातली मराठी तेवढी राहिली, आणि तीही थोडी. ‘अहो’, ‘नको’, ‘पाणी’, ‘उन्हाळा’. उन्हाळा हा शब्द ती का म्हणते ते मला कळले नाही. पावसातही म्हणे.

दुपारचे जेवण मी देई. रुग्णालय घरापासून चालण्याच्या अंतरावर होते. बाराच्या सुमारास मी घरी येई, तिला खिडकीजवळच्या खुर्चीत नीट बसवी, पुढे स्टुलावर ताट ठेवी. मऊ रसम-भात किंवा दहीभात. ताटात चमचा ठेवी. मग मूठभर भात खिडकीच्या कठड्यावर ठेवून कावळ्याला हाक मारी. आमच्याकडे कावळ्याला घातल्याशिवाय कोणी जेवत नाही. माझी आई तसे करी, नंतर पत्नी करी, आता तिच्याऐवजी मी. कावळा येईपर्यंत मी बाहेर पाहत उभा राही. तो येई, खाई, दुसऱ्याला बोलावी. मी वळे तेव्हा ताट संपलेले असे. चमचा कोरडा असे. मी त्याचा विचार केला नाही. ताट उचली, गोळ्या देई, परत कामावर जाई.

गेल्या वर्षी व्यवस्थापनाने ठरवले की थोरली बंद करायची. तिचे सुटे भाग मिळेनासे झाले होते. तंजावरचे काम नव्या यंत्रणेकडे जाणार होते. पापनाशमला मात्र पुढची काही वर्षे धाकटीनेच एकटीने चालायचे होते. त्यासाठी थोरलीवर जे जे होते ते सर्व धाकटीवर आणावे लागले. एरवी फक्त उतरवून घेणारी धाकटी आता देणारी झाली. तिने द्यायचे आणि थोरलीने घ्यायचे, अशी उलटी चाचणी ठरली. कामाचा पूर्ण आठवडा यादी रिकामी निघाली की थोरली बंद करायची, काम पापनाशमच्या तरुण सहकारी बाईंच्या हवाली करायचे आणि मी मोकळा. तोवर मी रोज सकाळपासून पापनाशमला हजर राहायचे. निवृत्तीचे वय मी केव्हाच ओलांडले होते. ही माझी शेवटची कामगिरी होती.

अडचण एकच. पापनाशमहून बाराला घरी येता येत नाही.

म्हणून दिवसभरासाठी एक बाई ठेवली. तिरुवैयारुकडच्या कालव्याकाठच्या खेड्यातली, धडधाकट, बोलकी. तिला मी सर्व दाखवले. खुर्ची कुठे, स्टूल कुठे, भात किती मऊ, कावळ्याचा भात आधी. मराठीतले पाच-सहा शब्द शिकवले, कारण पत्नीला तमिळ कळेनासे झाले होते. तिने ते म्हणून दाखवले. उच्चार तमिळच राहिला, पण शब्द बरोबर होते.

पहिल्या सोमवारी संध्याकाळी मी परतलो तेव्हा ताट जसेच्या तसे झाकलेले होते.

“अय्या, तोंडच उघडत नाहीत,” बाई म्हणाली. “तुम्ही शिकवलेले सगळे म्हटले. ‘जेव गे’ म्हटले. ‘थोडं गे’ म्हटले. शेवटी माझ्या पोराला म्हणते तसे गाणेसुद्धा म्हटले.”

“मग?”

“माझ्याकडे असे पाहिले की मी गाणे बंद केले.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. बाईने भरवून पाहिले, लाडीगोडी करून पाहिली, रागावूनही पाहिले. पत्नी ‘नको’ म्हणे आणि ओठ मिटून घेई. जेवण नाही म्हणून दुपारच्या गोळ्या नाहीत. रात्री ती पूर्वीपासूनच फक्त थोडे दूध घेई, तेवढेच पोटात जाई. रविवारी शाखा बंद. त्या दिवशी मी ताट ठेवले, आणि ताट संपले.

डॉक्टरांनी तपासून सांगितले, “सार, दुपारचे जेवण असेच चुकत राहिले तर नाकातून नळी घालावी लागेल. एकदा घातली की या वयात ती सहसा निघत नाही.”

“किती दिवस थांबू शकता?”

“जास्त नाही.”

मुलाने फोनवर सांगितले, काम सोडून द्या. मुलगा मराठी समजतो, उत्तर तमिळमध्ये देतो. मी त्याला मराठीतच सांगितले की अर्धवट काम मी कोणाच्या हवाली करणार नाही. यादी रिकामी नसताना मी गेलो असतो तर पुढच्या प्रत्येक बिघाडाचा दोष त्या सहकारी बाईंवर आला असता. एक आठवडा यादी रिकामी निघाली की प्रश्न सुटतो, असा माझा हिशेब होता.

यादी रिकामी निघाली नाही.

पहिल्याच सोमवारी दोन वाजता धाकटीने नक्कल द्यायला नकार दिला. पडद्यावर ‘आत्ता नाही’ या अर्थाची एकच ओळ उमटली. ती ओळ मी ओळखत होतो. मीच लिहिली होती.

रुग्णालय ज्यांनी काढले त्या मोठ्या डॉक्टरांचा राहुकाळावर विश्वास होता. राहुकाळात ते नवी शस्त्रक्रिया सुरू करीत नसत, नवी गाडी घेत नसत. यंत्रे आली तेव्हा त्यांनी मला बोलावून सांगितले की राहुकाळात एका यंत्रावरून दुसऱ्यावर काही जाता कामा नये. मी म्हणालो, यंत्राला राहू लागत नाही. ते म्हणाले, “यंत्राला नसेल लागत. यंत्र माझे आहे.” मी वारानुसार राहुकाळाच्या वेळा लिहून एक अटकाव तयार केला. देणारे यंत्र आधी वार आणि वेळ पाहील. राहुकाळ असेल तर थांबेल. “पण राहुकाळ असे पडद्यावर लिहू नकोस,” ते म्हणाले, “लोक हसतील.” म्हणून ‘आत्ता नाही’.

गुरुवारी राहुकाळ दीड ते तीन. त्यामुळे गुरुवारी दोनची नक्कल होत नसे, ती शुक्रवारी होई. मोठे डॉक्टर वारले तरी अटकाव राहिला. तो काढा असे मला कोणी सांगितले नाही. चाचणीच्या आठवड्यातही गुरुवार वगळलेला होता.

पण हा सोमवार होता. सोमवारचा राहुकाळ सकाळी साडेसात ते नऊ. पडद्याच्या कोपऱ्यात दुपारचे दोन स्पष्ट दिसत होते. दोन्ही यंत्रांवरचा अटकाव मी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. एकच होता. तेव्हा अटकाव निर्दोष आहे असे मी धरले आणि इतरत्र शोधू लागलो. पॅच पाहिले, सारखे. फायलींच्या परवानग्या पाहिल्या, सारख्या. केबल बदलली. मंगळवारी नक्कल सुरळीत झाली, बुधवारी झाली, शुक्रवारी-शनिवारी झाली. व्यवस्थापक म्हणाले, सोमवार मोडला, आठवडा पुन्हा धरा.

पुढच्या सोमवारी दोन वाजता पुन्हा तीच ओळ.

सहकारी बाई माझ्या शेजारी बसून शेंगदाणे खात होत्या. त्या कामात चोख होत्या, पण गप्प बसणे त्यांना जमत नसे.

“सार, सोमवारी आमच्या सासूबाईसुद्धा अशाच वागतात. रविवारी मुलगा घरी असतो ना.”

“दोघींत फरक काय आहे?” मी विचारले.

“सासूबाईंत आणि माझ्यात?”

“थोरलीत आणि धाकटीत.”

“काही नाही, सार. यादी तुमचीच आहे. रिकामी.”

“यादीत काय येते?”

“आपण जे उतरवले ते सगळे.”

“आणि जे आपण उतरवलेच नाही?”

त्यांनी खाणे थांबवले. “ते कशाला येईल?”

मी म्हणालो, “पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ पाहू नका. ती प्रयोगशाळेच्या सॉफ्टवेअरची आहे. त्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडा आणि धाकटीला स्वतःला विचारा, तुझ्याकडे किती वाजले.”

त्यांनी आज्ञा दिली. उत्तर आले. त्या पडद्याजवळ गेल्या.

“सार, साडेआठ म्हणते.”

“सकाळचे?”

“सकाळचे. तंगच्ची लंडनला जाऊन बसली आहे की काय?”

तसेच होते. थोरली मी स्वतः बसवली होती आणि तिला भारतीय वेळ लावली होती. धाकटी विक्रेत्याच्या माणसाने बसवली. त्याने ती ग्रिनिचच्या वेळेवर सोडली. प्रयोगशाळेचे सॉफ्टवेअर आपण होऊन साडेपाच तास मिळवून दाखवी, म्हणून कोणाला कळले नाही. इतकी वर्षे धाकटी फक्त घेत होती. वेळ पाहायचे काम देणारीचे. आता ती देणारी झाली, अटकाव तिच्याकडे आला, आणि आमच्या दुपारी दोनला तिच्याकडे सकाळचे साडेआठ वाजलेले असत. सोमवारी साडेआठला राहुकाळ असतो. धाकटी सांगितल्याप्रमाणेच वागत होती.

हे मी बाईंना समजावून सांगितले. त्यांना राहुकाळाचा अटकाव ठाऊकच नव्हता.

“म्हणजे गुरुवारी...?”

“दीड ते तीन.”

“आणि मी सगळ्यांना सांगत होते की यंत्राला आठवड्यातून एकदा विश्रांती लागते! परवा नव्या मुलींना शिकवलेसुद्धा. सार, पडद्यावर खरे कारण का नाही लिहिले?”

“लोक हसतील म्हणून.”

“मी हसतेच आहे, सार.” त्या खरोखरच हसत होत्या. मग म्हणाल्या, “काढून टाकू अटकाव?”

“नाही.”

“तुमचा विश्वास आहे?”

“नाही.”

“मग?”

“आपल्याला दोन यंत्रे सारखी करायला सांगितले आहे. सुधारायला नाही. तुमच्या हवाली झाल्यावर तुम्हाला वाटेल ते करा.”

धाकटीला भारतीय वेळ लावली. लगेच नक्कल करून पाहिली. यादी रिकामी निघाली. व्यवस्थापकांनी मंगळवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत नवा आठवडा धरला. म्हणजे आणखी एक आठवडा मी बाराला घरी नसणार होतो. नळीसाठी डॉक्टर शनिवारी येणार होते.

परतीच्या बसमध्ये मला खिडकीजवळ जागा मिळाली. दोन्ही बाजूंना भातखाचरे होती, पाणी भरलेली. मी त्यांच्याकडे पाहत होतो, पण पाहिले असे म्हणता येणार नाही. माझ्या मनात घरचे ताट होते. रविवारी ती जेवते, इतर दिवशी नाही. खुर्ची तीच, भात तोच, कावळा तोच, शब्द तेच. जे मी बाईला शिकवले ते सर्व सारखे होते. जे शिकवले नाही ते मला ठाऊक नव्हते.

मंगळवारी मी उशिरा येईन असे पापनाशमला कळवले. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी असे प्रथमच केले. बाईला म्हणालो, “तू रोज करतेस तसे कर. मी नाही असे समज.” आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहिलो.

बाईने पत्नीला नीट बसवले. मी शिकवले होते तसेच. ताट ठेवले, चमचा ठेवला. कठड्यावर भात ठेवला, हाक मारली. मग वळली, पत्नीसमोर जमिनीवर बसली, हनुवटीला हात लावून म्हणाली, “जेव गे.” आवाज गोड होता. पत्नीने ओठ मिटले.

फरक तिथेच होता. मी कधी समोर बसत नव्हतो.

मी खुणेने बाईला बोलावले. हळू आवाजात सांगितले, “खिडकीशी जा. बाहेर पाहा. कावळा येऊन जाईपर्यंत वळू नकोस.”

“आणि अम्मांना बोलवायचे नाही?”

“नाही.”

“खोकला आला तर?”

“तर बाहेर पाहत खोक.”

ती गेली. खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली. पत्नीने एकदा तिच्या पाठीकडे पाहिले. मग दाराकडे पाहिले. मी मागे सरलो, दाराच्या फटीतून मला तिचा खांदा आणि ताट दिसत होते.

तिने डावा हात ताटात घातला.

चमचा बाजूला सारला. भात कालवला, बोटांनी घास केला, तोंडात घातला. काही शिते पदरावर पडली. ती तिने उचलली. पुन्हा घास केला. भरभर जेवत होती. एवढी घाई मी तिच्या हाताला कधी पाहिली नव्हती.

आमच्या घरात डाव्या हाताने कोणी मीठही वाढत नाही. मुलगा लहानपणी डावखुरा होता. जेवताना डावा हात पुढे आला की ती त्यावर पळीने मारी. वर्षभरात त्याची सवय मोडली. शाळेतही ती मुलांना तेच शिकवी. उजवा हात गेल्यावर ती कशी जेवते, हे मी तिला विचारले नव्हते. ताट संपत होते. चमचा कोरडा निघत होता.

मला त्या वेळी काही वाटले, असे सांगता येत नाही. चमचा कोरडा का असे ते कळले. मी मागच्या दाराने बाहेर पडलो आणि पापनाशमची बस धरली.

संध्याकाळी बाई म्हणाली, “अय्या, कावळा येऊन गेला तरी मी बाहेरच पाहत होते. शेजारीण विचारत होती, कोणाची वाट पाहतेस.”

“काय सांगितलेस?”

“म्हटले, सरकारी पाहणी आहे. गोळ्या दिल्या.”

त्यानंतर रोज तसेच झाले. बाईने मला कारण विचारले नाही. मीही सांगितले नाही. पत्नीला तर मी काहीच बोललो नाही. शनिवारी डॉक्टर येऊन तपासून गेले. नळीची पेटी त्यांनी उघडली नाही.

सोमवारी दोन वाजता आम्ही दोघे धाकटीसमोर बसलो होतो. पापनाशमच्या बाईंनी शेंगदाणे आणले नव्हते. नक्कल गेली. तुलना झाली. यादी रिकामी होती.

“सार,” त्या म्हणाल्या, “अक्काला तुम्ही बंद करणार की मी करू?”

“तुम्ही करा. ते आता तुमचे काम आहे.”

त्यांनी तंजावरला जोडून आज्ञा दिली. थोरली बंद व्हायला थोडा वेळ लागला. तिच्याकडून शेवटची ओळ आली, मग काही आले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी चष्मा पुसला, कारण तो मळला होता. किल्ल्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

“गुरुवारी फोन करीन, सार. यंत्राच्या विश्रांतीच्या दिवशी.”

“दीडच्या आधी करा,” मी म्हणालो. त्या हसल्या. मी निघालो.

मंगळवारी बाराला मी घरी होतो. बाईही आली होती. तिला येऊ नको असे सांगायचे मला सुचले नव्हते. मी पत्नीला खुर्चीत सरळ बसवले. ताट ठेवले. चमचा ठेवला नाही. तिने ताटाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी भात घेऊन खिडकीकडे गेलो, कठड्यावर ठेवला, हाक मारली आणि बाहेर पाहत उभा राहिलो. बाई सवयीने माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. खिडकी लहान आहे. आम्ही दोघे खांद्याला खांदा टेकेल असे उभे होतो आणि समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीकडे पाहत होतो.

“अय्या, आज कावळा येत नाही.”

“येईल.”

“अम्मांचे झाले असेल आता.”

“वळू नकोस,” मी म्हणालो.

ती वळली नाही. मागे ताटाला बांगडी लागल्याचा आवाज झाला, मग आणखी एकदा. कावळा बराच उशिरा आला. त्याने भात खाल्ला, इकडे तिकडे पाहिले आणि उडून गेला. आम्ही तरीही उभे होतो.